समुपदेशकाचं दार

गेल्या रमजानमध्ये तरावीहनंतर मशिदीबाहेर माझा एक जुना विद्यार्थी भेटला. आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, "सर, तीन महिने झाले, नींदच नाही येत. पुस्तक उघडलं की छाती धडधडते."

मी पाठीवर हात ठेवला. "नमाज की पाबंदी करो बेटा, सब ठीक होगा."

"जी सर," म्हणून तो निघून गेला.

घरी येताना लक्षात आलं, तो तर तरावीह पढूनच बाहेर आला होता! म्हणजे मी त्याला उपाय सांगितला नव्हता, विषय बंद केला होता. बी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर दिलेला हा मास्तर!

ईदनंतर त्याला घरी बोलावलं. कॉलेजात समुपदेशक आहेत का, विचारलं. "आहेत ना. पण त्यांची खोली ऑफिससमोर. आत जाताना सगळे बघतात. मोहल्ल्यात कळलं तर पागल म्हणतील. आपाच्या रिश्त्याचं काय?"

आमची मुलं अडाणी म्हणून जात नाहीत, असं मी समजत होतो. ती तर घरादाराचा विचार करून थांबतात.

मी त्याला अबू झैद अल-बल्खींबद्दल सांगितलं. सुमारे अकराशे वर्षांपूर्वीच्या या मुस्लिम विद्वानाने शरीर आणि नफ्स या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. भीती, उदासी, वसवसा यांवर त्यात स्वतंत्र प्रकरणं आहेत. मनाचा इलाज ही काही परक्यांची गोष्ट नाही. शिवाय मानसिक उपचारांची माहिती गुप्त राहणं हा २०१७ च्या कायद्याने रुग्णाला दिलेला हक्क आहे.

तरी तो कॉलेजच्या त्या खोलीत जायला तयार नव्हता. मग सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा नंबर दिला. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. गच्चीवर जाऊन तो अर्धा तास बोलला. पुढच्या आठवड्यात समुपदेशकांकडे गेला. मी कॉलेजच्या गेटपर्यंत सोबत होतो.

झोप अजून पुरती आलेली नाही. पण आता तो "जी सर" म्हणून निघून जात नाही, बसून बोलतो. हे सगळं त्याला विचारूनच लिहिलं आहे.

दुआ आणि दवा, आपल्याकडे दोन्ही शब्द जोडीनेच येतात. ताप आला तर आपण दोन्ही करतो. मन दुखलं की मात्र मुलाला फक्त दुआ सांगून का पाठवतो?