भिंतीवरचं कोडं

मुलांनो, भिंतीवर कुणी लिहिलं की मी किती रागावते, ते माझ्या चौथीच्या वर्गाला चांगलंच ठाऊक आहे. पण आज गोष्ट सांगणार आहे ती भिंतीवरच्या लिखाणाचीच!

इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर परगण्यात ॲशवेल नावाचं खेडं आहे. तिथलं सेंट मेरीचं चर्च चौदाव्या शतकातलं. मनोरा सुमारे १७६ फूट उंच. दहा फुटांचा एक मजला धरा नि किती मजले होतात, करा हिशेब! दगड मात्र खडूच्या जातीचा, पांढरट नि मऊ. टोकदार काही घेऊन ओरखडलं की अक्षर उमटतं.

१३४८ साली इंग्लंडात प्लेग शिरला. पुण्यातल्या १८९७ च्या प्लेगबद्दल तुम्ही ऐकलं असेल, तोच हा रोग. जंतू म्हणजे काय हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, औषध तर दूरच. बघता बघता देशातली निदान एकतृतीयांश माणसं गेली.

मनोऱ्याच्या आतल्या भिंतीवर त्या वेळी कुणीतरी लॅटिनमध्ये चार ओळी कोरल्या. साल लिहिलंय ते कोड्यासारखं : एक एम, तीनदा सी, पाचदा एक्स. रोमन अंकांत एम म्हणजे हजार, सी म्हणजे शंभर, एक्स म्हणजे दहा. घ्या बरं वही! आलं ना १३५०? पुढं म्हटलंय की काळ मोठा दीनवाणा नि क्रूर होता, आता साक्ष द्यायला उरलीत ती नुसती हलाखीतली माणसं. लिहिणाऱ्यानं स्वतःचं नाव घातलेलं नाही. (गडाच्या तटावर आपली नावं कोरणाऱ्यांनो, ऐकताय ना?)

त्याच मजकुरात पुढं एका भयंकर वादळाची नोंद आहे, साल १३६१. आपल्या हिशेबानं मात्र ते जानेवारी १३६२ मध्ये झालं, कारण त्या काळी तिथं नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं.

सगळंच काही रडवणारं नाही हं! एका खांबावर कुणीतरी तक्रार कोरलीय, की कोपरे नीट जोडलेले नाहीत, मी थुंकतो त्यांच्यावर! आणि एका ठिकाणी मोठ्या चर्चचं रेखाचित्र आहे. ते लंडनचं जुनं सेंट पॉल असावं, असं मानतात. ते चर्च १६६६ च्या आगीत जळालं. ॲशवेलच्या भिंतीवरचं चित्र अजून आहे.