आधी यंत्र, मग चिप

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर 'त्यातल्या त्यात पॉवरफुल बोर्ड द्या' म्हणणारं कुणी भेटलं, की मला विचारावंसं वाटतं, 'यंत्राकडून काम काय करून घ्यायचंय?' घरच्या सीएनसी राउटरसाठी मायक्रोकंट्रोलर निवडताना मी सुरुवात चिपपासून करत नाही, बॉलस्क्रूपासून करतो.

हिशेब सरळ आहे. स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० स्टेप टाकते. ड्रायव्हरवर १६ मायक्रोस्टेप लावले, की ३२०० पल्स. स्क्रूचा पिच ५ मिलिमीटर, म्हणजे दर मिलिमीटरला ६४० पल्स. मिनिटाला १५०० मिलिमीटरची चाल धरली, तर सेकंदाला १६,००० पल्स लागतात. मूळच्या आर्डुइनो उनोवरची चिप ८ बिटी, १६ मेगाहर्ट्झची, रॅम अवघी २ केबी. तरी जीआरबीएल हे फर्मवेअर तिच्यातून सेकंदाला ३०,००० पल्स काढतं. काम भागलं. चाल दुप्पट हवी असेल तर ३२,००० लागतील आणि उनो तोकडा पडेल. तेव्हाही लगेच बोर्ड बदलायची घाई नको. मायक्रोस्टेप ८ वर आणले, की पल्स निम्मे होतात. बारकावाही हवा, वेगही हवा, तर मात्र ईएसपी३२ किंवा एसटीएम३२ घ्यावा.

मोटरला ठेका लागतो. दोन पल्समधलं अंतर डगमगलं, की स्टेप चुकते. एन्कोडर नसलेल्या यंत्राला ते कळतही नाही; पुढचं सगळं कटिंग तेवढं सरकून होतं. म्हणून पल्सचं काम हार्डवेअर टायमरकडे असावं. वायफाय आणि डिस्प्ले त्याच्या आड येऊ नयेत.

मग पिना बघाव्यात. ईएसपी३२ ३.३ व्होल्टवर चालतो. ५ व्होल्टसाठी बनलेल्या ड्रायव्हरचा ऑप्टोकपलर तेवढ्यावर नीट पेटेलच असं नाही, मध्ये बफर टाकावा. ईएसपी३२च्या ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुट आहेत आणि त्यांना आतला पुल-अप नाही. लिमिट स्विच तिथे जोडायचा, तर बाहेरून रेझिस्टर लावावाच लागतो. नाहीतर स्पिंडल सुरू होताच खोटे सिग्नल येतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: चिप मध्येच रीसेट झाली, तर स्पिंडल काय करेल? त्या क्षणी पिना मोकळ्या सुटतात. स्पिंडलच्या रिलेची लाइन बंद अवस्थेत धरून ठेवणारा रेझिस्टर हवाच. इमर्जन्सी स्टॉपने तर वीजच तोडावी. ती जबाबदारी कितीही महागडी चिप असली, तरी तिच्या भरवशावर सोडू नये.