फळवाटपानंतरचे सहा महिने

आमच्या करमाळ्यात केळ्यांना तोटा नाही. कंदरकडची केळी थेट आखाती देशांत जातात. त्यामुळे कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस असो की एखाद्या मंडळाचा वर्धापनदिन, दवाखान्यात फळवाटप ठरलेलं. दोन केळी, एक सफरचंद, बिस्किटाचा पुडा. खाटेभोवती पाच-सहा जण उभे राहतात, फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी तो पेपरात येतो. शाळेत शिकवत असताना मीही मुलांना घेऊन अशा कार्यक्रमांना गेलेली आहे. त्यात वाईट काही नाही. पेशंटचा तेवढा दिवस बरा जातो. पण काही आजार एका दिवसाच्या फळांवर भागत नाहीत. निवृत्तीनंतर क्षयाच्या पेशंटांच्या घरी जायला लागले, तेव्हा ते फार जवळून बघायला मिळालं.

मला या कामात ओढलं माझ्याच एका विद्यार्थिनीनं. ती आता आशा सेविका आहे. एकदा बाजारात भेटली आणि भाजी घेता घेता म्हणाली, "बाई, गोळ्या सरकार फुकट देतंय. मी समोर उभी राहून गिळायला लावते. पण वर खायला काय, ते कुणी विचारत नाही. परवा एकजण म्हणाला, ताई, गोळी घेतली की पोटात आग पडतीया, नुसत्या चहावर किती दिवस काढू?"

आमची दहा-बारा बायकांची भिशी आहे. त्यात बहुतेक निवृत्त शिक्षिका, एक पोस्टातून निवृत्त झालेली, एक शिवणकाम करणारी. भिशीच्या बैठकीत मी हा विषय काढला. दर महिन्याच्या हप्त्यातून प्रत्येकीनं थोडे पैसे बाजूला काढायचे आणि जमेल तेवढ्या पेशंटांचा शिधा उचलायचा, असं ठरलं. केंद्र सरकारनं 9 सप्टेंबर 2022 रोजी क्षयरोगमुक्त भारत अभियान सुरू केलं, त्यात 'निक्षय मित्र' म्हणून नाव नोंदवता येतं. व्यक्ती असो, संस्था असो की आमच्यासारखी भिशी. किमान सहा महिने पेशंटला पोषण आहार पुरवायचा. आम्ही उपजिल्हा रुग्णालयातल्या क्षयरोग विभागात गेलो. तिथल्या पर्यवेक्षकांनी सगळं नीट समजावून सांगितलं. पेशंटची संमती असल्याशिवाय त्याचं नाव कुणाला कळवत नाहीत, ही त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

मोठ्या माणसासाठी महिन्याचा शिधा साधारण असा: 3 किलो धान्य, दीड किलो डाळी-कडधान्यं, पाव किलो गोडेतेल, किलोभर शेंगदाणे किंवा दूध पावडर, आणि जमली तर 30 अंडी. आम्ही धान्यात ज्वारी घेतली, कारण इकडे भाकरीशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही. डाळींत तूर, हरभरा आणि मटकी. वाण्यानं घाऊक भाव लावला, तरी एका पिशवीला आठशेच्या आसपास पडायचे.

पहिलं घर उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या एका गावात होतं. पंचविशीतला मुलगा, मिस्त्रीच्या हाताखाली काम करणारा. घरात आई, थोरला भाऊ, भावजय आणि त्यांची दोन पोरं. मुलाचं वजन 38 किलो. भिंतीला टेकून बसला होता. बोलायला लागला की गळ्याच्या शिरा उठून दिसायच्या. पहिला महिना त्याला अन्नावर वासनाच नव्हती. आई भाकरीचा कुस्करा दुधात कालवून द्यायची, तो चार घास खाऊन ताटली सारायचा. पुढच्या महिन्यात गेलो तर चित्र पालटलेलं. आई म्हणाली, "आता याला सारखी भूक लागतीया बघा. रात्री उठून डब्यात हात घालतोय."

पर्यवेक्षकांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं. क्षयात भूक मरते आणि औषध लागू पडलं की ती परत येते. अंग भरून यायची वेळ हीच. नेमक्या याच वेळी घरात कमावता माणूस आजारी असल्यानं डबा रिकामा असतो. माणसाला भूक लागलेली आहे, औषध काम करतंय, पण ताटात काही नाही, अशा अवस्थेत औषधाचा अर्धा गुण वाया जातो.

त्याच घरात दुसरी गोष्टही दिसली. पिशवी एकट्या पेशंटच्या हिशेबानं होती, पण चूल सगळ्यांची एक. शेंगदाण्याचा कूट आमटीत पडायचा आणि आमटी सहा जणांत वाटली जायची. आमच्यातली एकजण म्हणाली, हे पेशंटसाठी आहे, त्यालाच द्या. त्यावर त्या माउलीनं शांतपणे विचारलं, "आजाऱ्याला वाढायचं आन् लेकरांनी ताटाकडं बघत बसायचं, असं कसं व्हईल, ताई?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या महिन्यापासून आम्ही त्या घराला पिशवी दुप्पट केली आणि एक पेशंट कमी घेतला.

त्या आईचं म्हणणं शास्त्रालाही धरून होतं, हे मला नंतर कळलं. माझ्या मैत्रिणीचा मुलगा पुण्यात डॉक्टर आहे. त्यानं मला झारखंडमधल्या एका अभ्यासाची माहिती दिली. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव या दांपत्याच्या पुढाकारानं चार जिल्ह्यांत हा अभ्यास झाला आणि ऑगस्ट 2023 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो छापून आला. 2,800 पेशंट आणि त्यांच्या घरची दहा हजारांवर माणसं त्यात होती. पेशंटला दरमहा 10 किलो शिधा मिळत होता. काही घरांत बाकीच्या माणसांनाही माणशी 5 किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली. ज्या घरांत सगळ्यांच्या पोटाची सोय झाली, तिथे नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण जवळजवळ 40 टक्क्यांनी घटलं. पेशंटांच्या बाबतीतही असं दिसलं, की पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन 5 टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे 60 टक्क्यांनी कमी होता. 40 किलोच्या माणसाचं 5 टक्के म्हणजे फक्त 2 किलो. म्हणजे सून आणि नातवंडं यांच्या ताटात पडलेला कूट वाया गेलेला नव्हता. तो पुढचा पेशंट टाळत होता.

मग मला प्रश्न पडला, की हे इतकं उघड असताना आहाराकडे एवढी वर्षं दुर्लक्ष का झालं? माझ्या लहानपणी क्षय म्हटलं की दूध, अंडी आणि हवापालट हेच ऐकू यायचं. मिरजेच्या आरोग्यधामाचं नाव आमच्या घरी दबक्या आवाजात घेतलं जायचं. त्याचं उत्तरही मैत्रिणीच्या त्याच डॉक्टर मुलानं दिलं. 1959 मध्ये मद्रासच्या क्षयरोग केंद्राचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गरिबीत, साध्या जेवणावर, घरी राहून औषधं घेणारे पेशंटही आरोग्यधामात राहणाऱ्यांइतकेच बरे होतात, असं त्यात दिसलं. त्यामुळे लाखो गरिबांना घरीच उपचार मिळायला लागले, हे त्या अभ्यासाचं मोठंच देणं. पण त्यातून औषध पुरेसं आहे असा अर्थ निघाला आणि ताट बाजूला पडलं. शासनानं पेशंटच्या खात्यात पोषणासाठी दरमहा 500 रुपये द्यायला सुरुवात केली ती 2018 मध्ये. नोव्हेंबर 2024 पासून ते 1,000 झाले आणि निक्षय मित्रांनी घरच्या माणसांनाही शिधा द्यावा, असं धोरण आलं.

पैसे आणि शिधा ही एक बाजू झाली. ते पोचवायचं कसं, हे आम्हाला पेशंटांनी शिकवलं.

एक आजोबा होते, गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी न चुकलेले. पिशवीतली अंडी बघून त्यांनी हात जोडले. "ताई, एवढं तेवढं घरात नको." आम्ही अंडी काढून घेतली आणि त्याऐवजी शेंगदाणे आणि दुधाची सोय केली. त्यांच्या सुनेला मटकीला मोड आणून उसळ करायची सवय लावली. त्याउलट पाण्याकाठच्या घरांत अंड्यांपेक्षा उजनीतला चिलापी मासा जवळचा आणि स्वस्त. तिथे आम्ही तेल आणि डाळ वाढवली, मासा ते आणायचेच. आहारतक्ता कागदावर एकच असतो, पण प्रत्येक चुलीचा धर्म वेगळा. तो विचारून घ्यावा लागतो.

एक मुलगी माहेरी आलेली होती, लग्नाला वर्ष झालेलं. तिनं शिध्याला संमती दिली, पण एका अटीवर: घरी कुणी यायचं नाही. गल्लीत गाडी थांबली, चार बायका पिशवी घेऊन उतरल्या, की सासरी बातमी जायला वेळ लागत नाही. ती दर महिन्याला माझ्या घरी यायची. मी तिचा शिधा साध्या कापडी पिशवीत भरून ठेवायचे, वर मेथीची जुडी. बघणाऱ्याला वाटावं, बाजार करून चालली आहे. या मुलीला कुणी फोटोसाठी उभं केलं असतं, तर तिनं शिधा सोडला असता आणि भीतीपोटी कदाचित गोळ्याही. उपचार मध्येच सुटले तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि मग आणखी जड औषधं घ्यावी लागतात. एका फोटोची किंमत एवढी होऊ शकते.

एक कुटुंब ऊसतोडीचं. दिवाळीनंतर टोळी निघाली तसा पेशंटही निघाला. गोळ्या पुढच्या केंद्रातून मिळायची व्यवस्था विभागानं करून दिली. शिध्याचं काय? आम्ही दोन महिन्यांचे शेंगदाणे, डाळ आणि तेल एकदम बांधून दिलं. बैलगाडीत भांड्यांच्या पोत्याशेजारी ते पोतं बसलं. त्याच्या बायकोनं जाताना सांगितलं, "कोपीवर भाकरी होती, पर कोरड्यास नसतंय. आता कूट हाय." कोपी म्हणजे ऊसतोड्यांची झोपडी, कोरड्यास म्हणजे भाकरीशी तोंडी लावायला काहीतरी. त्या माणसाच्या प्रथिनांचा सगळा प्रश्न त्या एका वाक्यात होता.

आमच्या तालुक्याला अन्नदान शिकवायला नको. निवृत्तिनाथांची पालखी रावगाव, जेऊर, कंदरवरून पंढरपूरला जाते तेव्हा घराघरांत पिठलं-भाकरी, आमटीच्या कढया चढतात, आणि हजारो माणसं जेवून पुढे जातात. मी स्वतः 1972 च्या दुष्काळात सुकडी खाल्लेल्या पिढीतली. त्या वर्षी या भागात माणसं तगली ती खडी फोडायच्या कामावर आणि त्या सुकडीवर. कुणी कुणाला ती उपकार म्हणून दिली नव्हती आणि कुणी ती लाजून खाल्लीही नव्हती. एका दिवसाचं अन्नदान आम्हाला येतं, दुष्काळातलंही येतं. सहा महिने, एका माणसाला, गाजावाजा न करता, त्याला चालेल ते, ही रीत मात्र अजून अंगवळणी पडायची आहे.

उजनीकाठचा तो मुलगा सहा महिन्यांनी 46 किलोचा झाला आणि पुन्हा कामावर गेला. सगळ्यांचं असं झालं नाही. एकजण फार उशिरा दवाखान्यात आला होता. सोलापूरला सिव्हिलमध्ये हलवला, पण वाचला नाही. त्याच्या घरी आम्ही पुढेही काही महिने शिधा दिला, कारण घरात तीन लहान मुलं होती आणि त्यांची तपासणी चालू होती.

एवढ्या अनुभवावर माझं मत झालंय, ते स्पष्ट सांगते. रुग्णालयातल्या फळवाटपावर जो खर्च होतो, त्यात एका पेशंटचा सहा महिन्यांचा शिधा सहज निघतो. साधारण पाच हजार रुपये लागतात. आपल्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात क्षयरोग विभाग असतो. तिथे जा, निक्षय मित्र म्हणून नाव नोंदवा आणि एकाच पेशंटची जबाबदारी घ्या. तो काय खातो, घरात किती माणसं आहेत, पिशवी कुठे आणि कशी दिलेली चालेल, एवढं विचारा. फोटो काढू नका. आणि पहिल्या महिन्यानंतर उत्साह ओसरला, तर दुसऱ्या महिन्याची पिशवी आधी भरा, कारण पेशंटला खरी भूक तेव्हाच लागते.