ठाणे : तलाव, तीर्थ आणि एक टोमणा

मुंबईकर कुटुंबाने एखाद्या रविवारी सावकाश पाहावे असे शहर म्हणजे ठाणे. १८५३ साली बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी येथेच येऊन थांबली. स्थानकापासून मासुंदा तलाव पायी गाठता येतो. पुढे टेंभी नाक्यावर मुनिसुव्रतस्वामींचे देरासर, अर्थात कोकण शत्रुंजय. श्रीपाल राजाच्या कथेशी हे तीर्थ जोडलेले आहे. पित्याने रागाच्या भरात दिलेल्या कुष्ठी पतीचा हात मयणासुंदरीने सोडला नाही; आयंबिलाच्या ओळीत तो रास आजही भक्तिभावाने ऐकला जातो. श्रीपालाचे कुष्ठ सांगताना कोणी आवाज खाली करीत नाही.

याच शहरात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. त्यास शेठ नरोत्तमदास माधवदास यांचे नाव होते. लोकांच्या तोंडी मात्र राहिला तो ‘याला ठाण्याला पाठवा’ हा टोमणा. पेढीवर मधुमेहाची गोळी उघड घेतली जाते, मनाच्या आजाराची लपवून. मुलीचे स्थळ मोडेल, बाजारातील पत घटेल, ही धास्ती. तोवर आजार बळावतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शारीरिक आजारांप्रमाणेच या आजारांनाही विम्याचे संरक्षण देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक केले आहे. परंतु दाव्याच्या अर्जावर आजाराचे नाव लिहिण्यास घरचेच कचरतात.