भेंडीच्या झाडामागचं आकाश

झाड कापायचं काम सगळ्यात वाईट. हे मी करवतीबद्दल नाही, माऊसबद्दल बोलतोय. मिक्सर, बूट, घडी घातलेला शर्ट यांची कड पेन टूलने दहा मिनिटांत निघते. माणूस केसांपर्यंत सोपा असतो. झाडाला मात्र कडच नसते. लांबून वाटतं की पानं संपली आणि आकाश सुरू झालं. चारशे टक्के मोठं करून पाहिलं की पानांच्या जाळीत आकाश दिसतं, आकाशात एखादी काडी दिसते, आणि मध्ये दोन-तीन पिक्सेल असे असतात की जे धड झाडाचे नसतात, धड आकाशाचे नसतात. नोकरीतली पंचवीस वर्षं मी त्या दोन-तीन पिक्सेलांवर काढली.

१९९७ साली मी अंधेरीतल्या एका डीटीपीच्या दुकानात लागलो. मढहून निघायला दोन वाटा. खाडी ओलांडून वेसाव्याला सोडणारी बोट, नाहीतर मार्वेमार्गे मालाडला जाणारी बस. मी बोटीने जायचो. दुकानात फोटोशॉप ४ होतं आणि त्यात एकच अनडू होता. एक चूक माफ, दुसरी चूक केली की कालचं सेव्ह केलेलं उघडा. पुढच्या वर्षी ५ आलं, त्यात हिस्टरी आली, आणि आम्ही सगळे एकदम बेफिकीर झालो.

झाड कापायला मला दुकानातल्या एका वयस्कर ऑपरेटरने शिकवलं. म्हणाला, झाड हाताने कापायला बसलास तर म्हातारा होशील, निळ्यात बघ. फोटो म्हणजे लाल, हिरवा, निळा असे तीन काळे-पांढरे फोटो एकावर एक. पानं निळा प्रकाश गिळून टाकतात, म्हणून निळ्या चॅनलमध्ये झाड काळंकुट्ट आणि आकाश पांढरंफटक दिसतं. त्या चॅनलची प्रत काढायची, लेव्हल्सने काळं आणखी काळं, पांढरं आणखी पांढरं करायचं, कडेकडेने बर्न आणि डॉजचा ब्रश फिरवायचा, आणि तोच चॅनल सिलेक्शन म्हणून उचलायचा. पानांमधली आकाशाची हजार भोकं आपोआप निघतात. पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

ही युक्ती संगणकाची नाही, हे मला फार उशिरा कळलं. १८५०च्या दशकातल्या काचेच्या निगेटिव्हवरचं रसायन मुख्यतः निळाच प्रकाश बघायचं. जमिनीपुरता प्रकाश घेतला की आकाश जळून कोरं व्हायचं. गुस्ताव्ह ल ग्रे नावाच्या फ्रेंच फोटोग्राफरने त्यावर उपाय काढला. समुद्राची एक निगेटिव्ह, ढगांची दुसरी, आणि दोन्ही क्षितिजावर जोडून एक छाप. समुद्रावर हे जमतं, कारण तिथे क्षितिजाची रेघ सरळ असते. मध्ये एखादा माड आला की जोड कुठे लपवायचा? आमच्या किनाऱ्यावर, जिथे बघावं तिथे माड नाहीतर सुरू, तो बिचारा वैतागला असता.

आमच्याकडे तर आता गल्लोगल्ली पडदे लागतात. मढच्या बंगल्यांत मालिकांची शूटिंगं चालूच असतात. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर हिरव्याचे ठिपके लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, त्यामुळे हिरवा पडदा स्वच्छ निघतो. पण फ्रेममध्ये झाडं असली की निळा लावावा लागतो. नाहीतर पडद्याबरोबर पानंही गायब.

दुकानात खरा पैसा आला तो बिल्डरांच्या माहितीपत्रकांमधून. त्यात झाडांची कामं दोन प्रकारची. प्लॉटच्या फोटोत इमारतीच्या तोंडावर येणारं खरं झाड काढायचं, आणि जी बाग अजून झालेली नाही तिथे नवीन झाडं लावायची. पहिल्या कामाला क्लोन स्टॅम्प, दुसऱ्याला 'झाडं' नावाचा फोल्डर. तो फोल्डर आम्हीच भरायचा. १९९९च्या जूनमध्ये, आभाळ भरून आलेलं असताना, मी दुकानाचा कॅमेरा घरी नेला आणि आमच्या अंगणातल्या भेंडीच्या झाडाचा फोटो काढला. असं आभाळ कापायला उत्तम. मागे एकसारखं पांढरं, आणि झाडावर कुठल्या बाजूचं ऊन नाही, म्हणजे कुठल्याही चित्रात चिकटवता येतं. बदामाच्या आकाराची पानं, पिवळी फुलं, काही लालसर होऊन मिटलेली. कापायला एक अख्खा दिवस लागला.

ते झाड मग कुठे कुठे लागलं! गोरेगाव, कांदिवली, ठाणे. कधी डावं-उजवं उलटं करून, कधी बुंधा झुडपामागे लपवून. लिंक रोडवरच्या एका होर्डिंगवर ते पोहण्याच्या तलावाशेजारी उभं होतं. मी बाबांना मुद्दाम दाखवायला नेलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "एवढ्या वर त्याच्या मुळ्या कुठे जातात रे?"

२०१९च्या ४ ऑक्टोबरला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी करवती सुरू झाल्या. ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने थांबवलं, तोवर २,१४१ झाडं पडली होती. टीव्हीवर ते बघताना मी किती झाडं काढली याचा हिशेब करून पाहिला. लागला नाही. मी ती फोटोतून काढली होती, जमिनीतून नाही, हे खरं. पण माझ्या फोटोनंतर त्या जमिनीवर काय झालं हे मी कधी बघायला गेलो नव्हतो, हेही खरं.

१७ मे २०२१ला तौक्ते मुंबईच्या बाजूने गेलं. दुपारी आमची भेंडी मुळासकट आडवी झाली. छपराचा कोपरा गेला, माणसं वाचली. त्याच वर्षी डिसेंबरात बाबा गेले.

बाराव्याच्या आधी आईने मोबाइलमधला एक फोटो दिला. भेंडीखाली बसलेले बाबा, मांडीवर जाळं, हातात जाळ्याची सुई, संध्याकाळचं तिरपं ऊन. "याचा हाराचा फोटो कर." असे फोटो मी आयुष्यात शेकड्यांनी केले असतील. लग्नाच्या घोळक्यातून माणूस उचलायचा, मागे निळा पडदा टाकायचा, गाल थोडे उजळायचे. आता तर सिलेक्ट सब्जेक्टचं बटण आहे. ते दाबलं. मशीनने बाबांना बरोबर ओळखलं, मांडीवरचं जाळं मात्र झाडाच्या हिशेबात धरून पुसून टाकलं. हातातली सुई हवेत राहिली. मग जुन्या पद्धतीने बसलो. पांढऱ्या केसांवर पानांचा हिरवा रंग चढलेला होता, तो कडेकडेने मारला. रात्री दोनला काम स्वच्छ झालं.

आईने पाहिलं. "छान झालंय," म्हणाली. थोड्या वेळाने, "पण हे बसलेत कुठे?"

मी जुनी सीडी शोधली. १९९९ची भेंडी त्यात होती. बाबांच्या मागे ठेवून पाहिली. बाबांच्या डाव्या गालावर ऊन, झाडावर ढगाळ उजेड. रंग जुळवले, सावली रंगवली, आणि तरी ते झाड लिंक रोडवरचंच वाटत राहिलं. शिवाय ते बावीस वर्षांनी तरुण होतं.

शेवटी मूळ फोटोच आडवा छापून आणला. काहीही न कापता. मोठी काकू म्हणाली की चेहरा लहान आलाय, आणि ते खरंच आहे. आडव्या फ्रेमला हार नीट बसत नाही, सरकून एका बाजूला झाडावरच येतो. आई सकाळी तो सरळ करते.