बाटलीवरची ओळ

रविवारी सकाळी अकोल्याहून बाजीचा फोन आला. आवाजात अशी खुशी होती, जी मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. "भाई, बच्ची की सुई बंद होनेवाली है."

माझी भाची तेरा वर्षांची. आठव्या वर्षी तिला टाइप-1 मधुमेह निघाला. तेव्हापासून दिवसाला चार वेळा इन्सुलिन. लग्न असो, ईद असो, शाळेची सहल असो, सगळं सुईच्या वेळा बघून. आता कुणीतरी बाजीला मोठ्या शहरातल्या एका दवाखान्याचा पत्ता दिला होता. पोटाच्या चरबीतून मूलपेशी काढतात, परत टोचतात, मग इन्सुलिन लागत नाही म्हणे. खर्च साडेतीन लाख. दुल्हाभाईंनी प्लॉटला गिऱ्हाईकही पाहून ठेवलं होतं.

मी भाषेचा मास्तर. विज्ञानाशी संबंध दहावीच्या पुस्तकापुरता. ते काढून पाहिलं, तर मूलपेशींच्या उपयोगांत मधुमेहाचं नाव होतंच. म्हणजे बाजी खोटं बोलत नव्हती. तरी मन मानेना. माझा एक जुना विद्यार्थी इथे अमरावतीतच बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करतो. त्याला संध्याकाळी घरी बोलावलं.

त्याने समजावलं ते असं. कातडीच्या पेशीतही इन्सुलिन बनवण्याची माहिती असते, पण ती बंद असते. कोणतं जनुक चालू राहील, कोणतं बंद, हे ठरवणारी काही प्रथिनं असतात. ती डीएनएला जाऊन चिकटतात. त्यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. जपानच्या शिन्या यामानाका यांनी अशी 24 जनुकं निवडली, एकेक वगळत चारवर आणली, आणि 2006 मध्ये त्या चारांच्या जोरावर उंदराची साधी पेशी मागे नेऊन मूलपेशीसारखी केली. पुढच्या वर्षी माणसाची. 2012 मध्ये त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत नोबेल मिळालं.

"पण सर, त्यांनी ती जनुकं विषाणूंमार्फत पेशीत घातली होती. विषाणू आपला माल डीएनएत कुठेही चिकटवतो. शिवाय त्या चारांतल्या सी-मिकचं कॅन्सरशी नातं आहे."

म्हणून काही शास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. जनुक नको, त्यापासून बनलेलं प्रथिनच पेशीला द्यायचं. ते काम करून विरून जातं, डीएनएला धक्का लागत नाही. हे प्रथिन बनवायचं कसं? आपल्या वऱ्हाडात 2002 पासून बीटी कपाशी आहे, त्यात बॅक्टेरियाचं जनुक. इथे उलटं. माणसाचं जनुक ई. कोलाय या बॅक्टेरियात घालतात आणि तो प्रथिन बनवून देतो. त्याला सहा हिस्टिडिनची शेपटी जोडतात. ती निकेलला धरते, म्हणून बाकी गाळ धुऊन काढता येतो. तरी असलं प्रथिन सहजासहजी पेशीत शिरत नाही. 2009 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अर्जिनिनची शेपटी लावून ते आत पोचवलं. यश किती? लाखभर पेशींमागे मोजक्याच. आयआयटी गुवाहाटीतही अशी प्रथिनं बनवण्याचं काम चालू आहे. हे सांगताना पोराचे डोळे चमकत होते.

मग त्याने मोबाइलवर एका कंपनीच्या यादीतलं पान दाखवलं. ऑक्ट-4 नावाचं प्रथिन, यामानाकांच्या चारांपैकी एक. मोजमाप मायक्रोग्रॅममध्ये. आणि खाली एक ओळ: फक्त संशोधनासाठी, माणसांवरील उपचारासाठी नाही.

मी ती ओळ दोनदा वाचली. ज्या वस्तूने पेशी खरंच बदलते, ती विकणारा हे लिहून मोकळा होतो. आणि चरबी टोचणारा म्हणतो, सुई बंद होईल.

सरकारची भूमिकाही स्पष्ट आहे. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर मूलपेशी फक्त मान्यता असलेल्या चाचणीत वापरता येतात. आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. साडेतीन लाखांचा हिशेब तिथेच संपला.

पुढच्या रविवारी अकोल्याला गेलो. दुल्हाभाई चिडले. "तुम्हाला काय, तुमच्या पोरीला टोचावं लागत नाही." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिफा अल्लाहच्या हातात आहे, हे मीही मानतो. पण प्लॉट आपल्या हातात आहे, एवढंच म्हणालो.

बाजीने विचारलं, "म्हणजे हे कधीच होणार नाही?" होईल, म्हटलं. चीनमधल्या तियानजिनमध्ये एका तरुणीच्या स्वतःच्या पेशी आधी मूलपेशींसारख्या केल्या, मग त्यांपासून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी तयार करून तिच्या पोटात बसवल्या. ती वर्षभराहून जास्त काळ इन्सुलिनशिवाय राहिली, हे 2024 मध्ये प्रसिद्ध झालं. पण ती चाचणी होती. ते अकोल्यात कधी येईल, मला सांगता येत नाही.

भाची फ्रिजमधून इन्सुलिन काढत होती. तिला म्हटलं, हेही बॅक्टेरियाच बनवतो. अब्बांच्या काळी इन्सुलिन गाईच्या नाहीतर डुकराच्या स्वादुपिंडातून यायचं. बाटलीवरचं नाव बघून अब्बा घुटमळायचे. मौलानांनी जीव वाचवायला इजाजत आहे म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे टोचून घ्यायचे. 1982 मध्ये अमेरिकेत बॅक्टेरियाकडून बनवलेल्या मानवी इन्सुलिनला मान्यता मिळाली, आणि पुढे आपल्या औरंगाबादेतही मानवी इन्सुलिन बनू लागलं.

"मतलब मामू, वो दवाखाना झूठा, और ये सच्चा?"

"हां बेटा."

तिने सुई टोचली आणि जेवायला बसली.

प्लॉट अजून आहे. बाजी मात्र फोनवर थोडकंच बोलते. शाळेत विज्ञानाच्या मॅडमना मी एक विनंती केली आहे: मूलपेशींचा धडा शिकवताना पोरांना एवढं सांगा, की यातलं काय आज दवाखान्यात मिळतं आणि काय अजून प्रयोगशाळेत आहे. ती पोरं उद्या आपापल्या घरी जातात, आणि घरी कुणाची ना कुणाची सुई चालू असतेच.