बादलची नखं

आधी कानावर आला तो आवाज. संध्याकाळी फिरून परतताना डांबरी रस्त्यावर खर्र, खर्र. आमचा जर्मन शेफर्ड बादल तेव्हा नऊ वर्षांचा होता. घरी आल्यावर मागचा उजवा पाय हातात घेतला, तर मधली दोन नखं पार झिजलेली, एकातून रक्त येत होतं. पाय दाबला, ओढून पाहिला. तो शांतपणे माझ्याकडे बघत राहिला. दुखत काहीच नव्हतं.

जो तो आपापलं निदान सांगू लागला. कॅल्शियम कमी पडलं, लकवा आहे, फरशीवर झोपून गारठा धरला. आईने महिनाभर रोज रात्री नारायण तेल कोमट करून त्याच्या मांड्या चोळल्या. फरशीवर झोपू दिल्याची बोच तिला फार लागली होती. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, मग एमआरआय. चकती सरकलेली नव्हती, गाठ नव्हती. मग त्यांनी बादलचा मागचा पंजा उलटा करून वरची बाजू जमिनीला टेकवली. निरोगी कुत्रं लगेच पंजा सरळ करतं. बादल तसाच उभा राहिला. पंजा उलटा आहे हे त्याला कळतच नव्हतं.

रोगाचं नाव डीजनरेटिव्ह मायलोपॅथी. मज्जारज्जूतले तंतू हळूहळू झडत जातात आणि मागचे पाय मेंदूपासून तुटतात. याचं मूळ २००९ साली अमेरिकेत सापडलं, एसओडी१ या जनुकातल्या एका अक्षराच्या बदलात. माणसांना होणारा एएलएस हा आजारही काही वेळा याच जनुकातल्या बिघाडाने होतो. कोविडमध्ये घ्यायचे तसा स्वॅब गालाच्या आतून घेऊन लॅबला पाठवला. अहवाल आला: या जनुकाची बिघडलेली एक प्रत आईकडून आलेली, एक बापाकडून. दोन प्रती असलेल्या प्रत्येक कुत्र्याला हा आजार होतोच असं नाही, आणि पक्कं निदान कुत्रं गेल्यावर मज्जारज्जू तपासूनच होतं, हेही डॉक्टरांनी सांगितलं. पण बाकी सगळं जुळत होतं. आई एवढंच म्हणाली, "म्हणजे फरशीने नाही झालं."

त्या रात्री बादलचे कागद काढले. आम्ही पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचो ती वंशावळ. आईकडून आणि बापाकडून आजोबा एकच होता. इतक्या वर्षांत ते कधी खटकलं नव्हतं. ही जात १८९९ साली माक्स फॉन श्टेफानित्झ यांनी होरांड नावाच्या एका कुत्र्यापासून घडवायला घेतली, आणि नात्यातल्या नात्यात जोड लावून तिचं रूप पक्कं झालं. त्यात लपलेले दोषही पक्के होतात. बिघडलेली एकच प्रत असलेला नर सहसा धडधाकट असतो, बक्षिसं मिळवतो, त्याला भरपूर माद्या दाखवल्या जातात. तशीच मादी मिळाली की दर पिल्लामागे चारात एक धोका. अशा कुत्र्यांना बाद करायचीही गरज नाही. निर्दोष जोडीदार दिला की एकाही पिल्लाला दोन प्रती मिळत नाहीत. तेवढ्यासाठी एक स्वॅब पुरतो.

पिल्लू देणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "हे कोणी विचारतच नाही." खरं होतं. मी रंग विचारला होता, डोकं केवढं होईल ते विचारलं होतं.

शेवटचे चार महिने पोटाखालून जुन्या पंच्याची झोळी घालून मी त्याची मागची बाजू उचलून धरायचो. पुढचे पाय मात्र जोरात ओढ घ्यायचे, कोपऱ्यावरच्या कडुनिंबापर्यंत. एका सकाळी पुढचे पायही डगमगले. मग डॉक्टरांना घरी बोलावलं.

त्याच वेतातली एक बहीण साताऱ्याला दिली होती. नंबर मिळवून फोन केला. गेल्या पावसाळ्यापासून तिचीही मागची नखं झिजत होती. तिला दोनदा पिल्लं झाली होती, ती सगळी घरोघरी गेली.

पिल्लू आणायला जाल तेव्हा आई-बापाच्या एसओडी१ तपासणीचा कागद मागा. नसेल तर घेऊ नका.